निंबाकडे न गेलेला दगड

गोफणीत दगड घालून डोक्यावर गरगर फिरवला, आणि गोफण बरोबर समोरच्या निंबाच्या दिशेला ताणलेली असताना तिचं एक टोक सोडून दिलं, तर दगड कुठे जातो, वाचकहो? घाई करू नका. मी घाई केली होती. माझं उत्तर होतं, निंबाकडे. त्या उत्तराच्या जोरावर मी एक अख्खं पत्रक लिहिलं, ते छापून तुमच्या हातात दिलं, आणि तुमच्यापैकी एकानेही मला हटकलं नाही. हटकलं फक्त एकीने. ती माझी वहिनी होती आणि ती आता नाही. यापुढचं मी तिच्याशी बोलणार आहे. तुम्ही ऐका, कारण शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

वहिनी, तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. तेराव्याला आपल्या गल्लीत चपला काढायला जागा उरली नव्हती. बेसा रस्त्यापलीकडच्या माळावरून बायका पायी आल्या, कडेवर पोरं घेऊन. दादाच्या कचेरीतले लोक आले, शेजारचे आले, कागद पुरवणारा आला, सायकल दुरुस्तीवालासुद्धा आला. मी दारात उभी होते. रडणाऱ्या प्रत्येक बाईकडे पाहून माझ्या मनात एकच विचार येत होता: माझ्यासाठी यातल्या किती आल्या असत्या? माणूस मेल्यावरही त्याच्यावर जळता येतं, हे मला कोणत्याच पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं. आणि पत्रकं तर मी आईच्या दुधासारखी प्यायले होते.

तुला ते ठाऊक होतं. बाबांचा नागपुरातल्या महाल भागातला छापखाना म्हणजे दोन खोल्या, शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या आणि पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन. आई लवकर गेली. मी त्या मशीनच्या आवाजात झोपायची आणि त्याच आवाजात उठायची. अक्षरं शिकले ती टाकून दिलेल्या प्रुफांवरून. मला बाराखडी यायच्या आधी ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. संपाची पत्रकं, पाण्याच्या मोर्चाची पत्रकं, हुंड्याविरुद्धची, भगतबाजीविरुद्धची. बाबा त्यांच्यासाठी दर लावायचे पण तगादा लावायचे नाहीत. मला वाटायचं, जगात दोनच प्रकारची माणसं असतात: पत्रक लिहिणारी आणि पत्रक वाचणारी. तू आलीस तेव्हा कळलं की तिसराही एक प्रकार असतो. पत्रक छापता छापता त्यातली चूक दाखवणारा.

तीन वर्षांपूर्वी दादाशी लग्न होऊन तू आमच्या घरी आलीस. कळमेश्वरच्या पुढच्या खेड्यातली, ज्वारी-कापसाच्या घरातली. नागपुरात मावशीकडे राहून इंटर सायन्स केलंस, तिथे लग्न ठरलं आणि शिक्षण संपलं. हे सगळं मला लग्नाच्या आधीच माहीत होतं. ‘मुलीचं शिक्षण लग्नाच्या मांडवात का जळतं?’ हे माझंच पत्रक होतं. पण तुझं का थांबलं, हे मी तुला तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

माझ्या मत्सराचा पहिला दिवस मला नीट आठवतो. मशीन चालवणारे काका गावी गेले होते आणि एका सभेचं पत्रक दुपारपर्यंत द्यायचं होतं. बाबांनी नको म्हटलं तरी मी पायट्यावर पाय ठेवला. दाबला. चाक हललं नाही. आणखी जोराने दाबला. दोन्ही हातांनी मशीन धरून, सगळं अंग झोकून दाबला. मशीन खालून कुरकुरलं, पण चाक जागचं हलेना. तुझ्या लग्नाला तिसराच आठवडा चालू होता; तू हातात चहाची कपबशी घेऊन दारात उभी होतीस. डोक्यावरचा पदर सावरत म्हणालीस, “काहून वं ताई, पाय मोडून घेतेस का? तुझा सारा जोर आसावर पडून राहिला. आसावर हत्ती बसला तरी चाक फिरते का?”

तू कपबशी खिळ्यांच्या पेटीवर ठेवलीस, पुढे आलीस आणि बाजूचं मोठं चाक हाताने वीतभर ढकललंस. वीतभरच. मग मला म्हणालीस, आता दाब. मी नुसता पाय टेकवला आणि मशीन चालू झालं.

चाक थांबताना पायट्याचा दांडा नेमका वरच्या टोकाला येऊन थांबला होता. तिथून खाली दाबलं की सगळं बळ सरळ आसातून जातं. बळ कितीही असो, फिरवणारं काहीच उरत नाही. थोडं बाजूला सरकवलं की तेच बळ आसापासून लांब पडतं आणि चाक फिरतं. तू हे बाबांना तुझ्या पद्धतीने सांगितलंस. जात्याचा खुंटा कोणी मधात ठोकते का मामाजी, काठावर ठोकते, म्हणून म्हातारीलेही दळता येते. बाबा हसले. वहिनी, बाबांचं ते हसू मला ओळखीचं होतं. वर्षातून एखाद्या वेळी, माझं एखादं वाक्य फार आवडलं की ते तसे हसत. त्या दिवशी ते एका चाकासाठी हसले, आणि ते चाक मी हलवलेलं नव्हतं.

त्यानंतर काका गावाहून परतलेच नाहीत आणि मशीन तुझं झालं. उजव्या हाताने कागद लावायचा, डाव्याने काढायचा, पाय एका तालात. स्वयंपाक उरकून तू बसायचीस ती दिवेलागणीपर्यंत. एकदा चाकाची चाकी, म्हणजे नट, जाम झाली, मी पान्याला लोंबकळले, आणि तू मागून नळाच्या पाइपाचा तुकडा आणून पान्याच्या दांड्यावर चढवलास. पान्याचा दांडा हातभर लांब झाला आणि तू दोन बोटांनी फिरवावं तशी चाकी सोडवलीस. “बळ तं तुझ्यातच जास्त आहे, ताई,” तू म्हणालीस. तुला ते खरंच तसं म्हणायचं होतं. मी आठवडाभर त्या वाक्यात टोमणा शोधत राहिले.

बाबा माझे लेख प्रुफाआधी तुला वाचायला द्यायला लागले. मी बी.ए.ला, तू इंटर. मी सभांमध्ये बोलणारी, तू पदर घेऊन मागे बसणारी. तरी बाबा तुझं नाव घेऊन विचारायचे, सुमनने पाहिलं का?

मग मागच्या हिवाळ्यात एक वस्ती उठली. छापखान्याच्या मागे, मैदानापलीकडे, नाल्याच्या काठाने पन्नासेक झोपड्या होत्या. त्यांना बेसा रस्त्यापलीकडच्या माळावर नेण्यात आलं. तिथे तेव्हा फक्त शेतं आणि बाभळी. आमच्या अभ्यास मंडळाने ठरवलं की पत्रक काढायचं, आणि ते मीच लिहायचं. मी तीन दिवसांत लिहिलं: ‘बाहेर फेकलेली माणसं’. मला वाटतं, मी इतकं चांगलं त्याआधी काही लिहिलं नव्हतं. शहर हे चाक आहे, असं मी लिहिलं. ते जितकं जोराने फिरेल तितका गरीब माणूस काठाकडे ढकलला जाईल. आणि तिसऱ्या पानावर, खालून चौथी ओळ: ‘विज्ञानाचा हा नियमच आहे की फिरणाऱ्या चाकाचं केंद्र प्रत्येक वस्तूला आपल्यापासून बाहेर फेकतं.’

तू फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, बांधत होतीस. प्रूफ हातात घेऊन माझ्याकडे आलीस आणि हळूच म्हणालीस, “हे ओळ बराबर नाही, ताई.”

मी म्हटलं, कुठलं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं?

ते नाही, तू म्हणालीस. केंद्र कोणाले फेकत नाही. केंद्राकडे ओढणारं काहीतरी असते, म्हणून वस्तू गोल फिरते. ते ओढणं सुटलं का वस्तू सरळ जाते, ज्या बाजूले त्या घडीले तोंड होतं त्या बाजूले. बाहेर फेकणारं बळ नसतेच.

मी तुला बसचं उदाहरण दिलं. बर्डीच्या वळणावर बस वळली की आपण सगळे बाजूला फेकले जातो, ते काय खोटं? तू म्हणालीस, तू फेकली जात नाहीस. तू सरळच जाऊन राहिलीस. बस वळून राहिली, अन् बसचं दार तुले धरून आपल्यासंगं वळवते.

वहिनी, तू बरोबर होतीस. हे मला तेव्हाच, त्याच क्षणी कळलं होतं. म्हणूनच मी इतकी भडकले. माझ्या ओळीत आग होती. तुझ्या ओळीत काय होतं? दोरी आणि दार! मी म्हटलं, हे पत्रक आहे, भौतिकशास्त्राची परीक्षा नाही. तू म्हणालीस, पण तू ‘विज्ञानाचा नियम’ असं लिहिलंस, ताई. नुसतं ‘मले असं वाटते’ लिहिलं असतं तं मी बोललीच नसती.

रविवारी मंडळाची मुलं आणि माळावरच्या काही बायका मैदानात जमल्या होत्या. रखमाबाई होत्या, त्या वस्तीच्या वतीने नेहमी पुढे असायच्या. मी सगळ्यांसमोर तुझं म्हणणं मांडलं, थोडं वाकडं करून, म्हणजे लोक हसतील असं. हसलेही. मग मी म्हटलं, वहिनी, करून दाखव.

तू अंबाडीच्या दोरीची गोफण घेऊन आलीस. ती तूच विणलेली होती, मशीनमागच्या खिळ्याला टांगलेली असायची. माहेरची आठवण म्हणून असावी. समोर निंब. डाव्या हाताला पंपाच्या खोलीची चुन्याची भिंत. मी मोठ्याने सगळ्यांना अट सांगितली. गोफण समोरून उजवीकडून डावीकडे फिरेल, आणि निंबाकडे असताना वहिनी सोडेल. मी म्हणते दगड निंबाकडे जाईल. वहिनी म्हणते डावीकडे, भिंतीवर. ठीक आहे. मग मी भिंतीसमोर उभी राहते. मी माझ्या शब्दाच्या मागे उभी राहणारी बाई आहे.

आणि मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

असा मूर्खपणा पत्रकांवर वाढलेलं माणूसच करू शकतं. ज्या वाक्यावर टाळ्या पडतात ते खरंच असलं पाहिजे, असं आम्हाला वाटतं. इतकं, की आम्ही त्याच्यापुढे कपाळ उघडं ठेवून उभे राहतो. दुसरं कोणीही आधी एकदा दगड फेकून पाहिला असता.

तू फिरवायला सुरुवात केलीस. एक फेरा, दोन. दोरीचा आवाज होत होता. मी तुझ्याकडे पाहत नव्हते, दगडाकडेही नाही. मी लोकांकडे पाहत होते, ते तुझ्याकडे कसे पाहताहेत ते. माहेरच्या ज्वारीत मचाणावर उभं राहून पोपटांचे थवे उठवणाऱ्या मुलीचा हात त्यांनी पहिल्यांदा पाहिला होता. तू कधी नव्हे ती ताठ उभी होतीस, पदर खांद्यावरून सुटलेला. तिसरा फेरा, चौथा, पाचवा. मग आवाज मंद झाला. गोफण खाली येत गेली आणि दगड तुझ्या पायाशी मातीत थप्पकन बसला. तू सोडलीच नव्हतीस.

कोणीतरी म्हटलं, वहिनी भ्याली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीपासून पुढे आले आणि हात वर केला, सभेत करतात तसा. तू दगड उचललास, पदराला पुसलास, आणि एवढंच म्हणालीस, “ताई जिंकली बाप्पा. चला, चहा ठेवते.”

जिंकलेल्या माणसाला जे वाटतं ते मला का वाटत नव्हतं, याचा विचार मी केला नाही. तुझ्यावर चिडायला मात्र नवं कारण मिळालं. संध्याकाळी तू मशीनवर बसलीस आणि ते हिरव्या कागदाचं पत्रक छापलंस. ओळ तशीच. प्रत्येक प्रत तुझ्या हातांनी लागली, तुझ्या पायाने छापली गेली. चूक असलेली ओळ तू इतक्या वेळा, इतक्या नेटकेपणाने, शाई कुठेही न फासता छापलीस. मला वाटलं तू हरलीस.

पंधरवड्याने आम्ही वस्ती उठवणाऱ्या कचेरीत गेलो. साहेबांनी माझं पत्रक समोर धरलं आणि नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं. फेकलं? कोणी फेकलं? ट्रक दिले, जागा दिली, बाया-माणसं आपल्या पायांनी ट्रकमध्ये चढली. कोणाच्या अंगाला हात लावलेला दाखवा. मी खूप बोलले. आवाज चढवला. टेबलावर हात आपटला. साहेब पाणी प्यायले. तेवढ्यात मागून रखमाबाईंनी विचारलं, “साहेब, फेकलं नसन तुमी. पण नळ कोनत्या दिवशी बंद केला, तेवढं सांगा. मंग रेशनच्या यादीतलं नाव कोनत्या दिवशी काढलं. मंग शाळेतलं. धरलेलं एकेक करून कोणी सोडलं, ते सांगा.”

साहेबांनी फाइल मागवली. तारखा निघाल्या. माणसं ट्रकमध्ये चढली त्याच्या दोन महिने आधीपासून एकेक दोरी सुटत गेली होती, आणि प्रत्येक दोरीखाली सही होती. आठ दिवसांनी माळावर पाण्याचा टँकर सुरू झाला, महिन्याने रेशनची नावं परत लागली. बाहेर आल्यावर मी रखमाबाईंना विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्या म्हणाल्या, “सुमनताईनं. भाकरी थापता थापता सांगून राहिली होती.”

माझी वीस पानं एकीकडे आणि तुझं भाकरी थापताना बोललेलं एक वाक्य एकीकडे. मी घरी आले आणि तुझ्याशी बोलणं सोडलं. अगदी सोडलं असं नाही, मीठ दे, दादा आला का, इतकं चालू होतं. पण तू विचारलंस की कचेरीत काय झालं, तर मी म्हटलं, झालं काहीतरी. टँकरची गोष्ट तुला माझ्या तोंडून कधीच कळली नाही. ती तुला रखमाबाईंनी सांगितली असेल. सांगितली असेल ना? मी विचारलेलं नाही. आता भीती वाटते विचारायची.

उन्हाळ्यात तुला कावीळ झाली. आधी घरीच झाडपाला झाला, तो मी होऊ दिला. भगतबाजीवर पत्रक लिहिणारी मी, त्या वेळी कुठल्याशा अधिवेशनात होते. मग धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, सगळं केलं, पण उशीर झाला होता. तुझ्याजवळ बसायची माझी पाळी दुपारची असायची. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. खिडकीबाहेर रिक्षांच्या घंटा. मी तुला वारा घालत होते आणि एकाएकी म्हणाले, पत्रकाची दुसरी आवृत्ती काढतो आहोत. मग मुद्दाम म्हटलं, ओळ तीच राहणार. मला तू भांडायला हवी होतीस. एकदा तरी म्हण, ताई, ही चूक आहे, आणि मी म्हणेन, हो. इतकंच मला हवं होतं, आणि सुरुवात मात्र तू करायला हवी होती. अशी मी.

तू खिडकीकडे तोंड वळवलंस. मग म्हणालीस, “चाकात तेल टाकलं का कोणी? आवाज करून राहिलं असंन.”

टाकलं नव्हतं. मी हो म्हटलं.

तू गेल्यावर चौदाव्या दिवशी बाबा मशीनपाशी बसले होते. त्यांनी मला विचारलं, दुसरी आवृत्ती लावायची काय? ओळ तशीच ठेवायची? मी विचारलं, बाबा, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, “पोरी, मले त्या दिवशीच माहीत होतं. छापाच्या आधी मी सुमनले म्हटलं होतं, एक ओळ काढून टाक, मी तिले सांगतो. सुमन म्हणे, नको मामाजी. ते तिचं आहे. मी खोडलं तं ताई उद्या पुन्हा तसंच लिहीन. तिनंच खोडू द्या.” मग बाबा म्हणाले, “अन् मले म्हणे, तेवढं लिहिता येते तं एक दिवस खोडताही येईन तिले.”

माझ्यावर इतका विश्वास बाबांनीही कधी ठेवला नव्हता. आणि बघ वहिनी, त्यातही मला हेवाच वाटला. कोणावर असा विश्वास ठेवायची ताकद तुझ्यात होती, माझ्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्यावरची गोफण काढून मी मैदानात गेले. मला गोफण येत नाही. पहिले दोन दगड कुठेच गेले नाहीत, एक माझ्या पोटरीला लागला. मग जमलं. गोफण निंबाकडे आली की सोडायची, निंबाकडे आली की सोडायची. वीसेक दगड फेकले असतील. काही भिंतीवरून गेले, काही भिंतीच्या अलीकडे पडले. एकही निंबाकडे गेला नाही. एक दगड मात्र नेमका भिंतीवर बसला आणि चुन्याचा टवका उडाला. मी जाऊन त्या जागी पाठ लावून उभी राहिले. टवका माझ्या उजव्या कानाशेजारी होता. मी नवशिकी. तुझा नेम तर पोपटाच्या चोचीवर होता.

तू तो दगड पाच फेरे हातात धरून ठेवलास. दगड सुटायला बघत असतो, आणि फेरा वाढतो तसा धरणाऱ्या हाताला जास्त जोर लागतो. हे मी आता स्वतःच्या बोटांनी पाहिलं आहे. दोरीचे वळ अजून आहेत. लोक तुला भित्री म्हणत असताना तू धरून होतीस.

आता ते, जे बाबांनाही माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तू मला म्हणाली होतीस, तू तं रोज कॉलेजात जातेस, ताई, जरा विचारून ये ना, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाले लग्न झालेल्या बाईले घेते का. मामाजीची ना नाही, यांचीही नाही. मी संध्याकाळी आले आणि म्हटलं, नाही घेत. मी विचारलंच नव्हतं, वहिनी. कॉलेजच्या कचेरीच्या खिडकीवरून मी दोनदा गेले. खिडकी उघडी होती, मागे एक चष्म्याचा कारकून वर्तमानपत्र वाचत बसला होता, रांगही नव्हती. मी थांबले नाही. घरात एक तरी गोष्ट अशी असावी जी माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही, इतकं साधं माझं कारण होतं. तू म्हणालीस, “असो. मले वाटलंच होतं.” आणि मशीनवर जाऊन बसलीस.

तुला कोणी कॉलेजातून फेकलं नाही. मावशीने धरलेलं सोडलं, मग माहेरने, मग माझ्या घराने. शेवटची दोरी माझ्या हातात होती. तारीख मला आठवते. तिच्याखाली सही माझी आहे.

ही चूक खोडता येत नाही. जी येते ती खोडायची आहे, आणि त्यासाठी, वाचकहो, मी आता तुमच्याकडे वळते.

हा कागद त्याच मशीनवर छापला आहे. चाकात मी तेल टाकलं. पायट्यावर मीच होते, आणि चाक अडलं तेव्हा हाताने वीतभर ढकलून घेतलं. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे ते हिरवं पत्रक असेल, त्यांनी ते शोधून काढा. तिसरं पान, खालून चौथी ओळ. ती खोडा, आणि वर शाईने लिहा: ‘केंद्र कोणालाही फेकत नाही. धरलेलं कोणी सोडलं, ते विचारा.’ पण माझ्या सांगण्यावरून खोडू नका. माझ्या सांगण्यावरून तुम्ही एकदा चुकीचं वाचलं आहे. दोरीला दगड बांधा, मोकळ्या मैदानात जा, फिरवा, समोरच्या झाडाकडे असताना सोडा आणि दगड कुठे जातो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग खोडा.

फक्त सोडण्यापूर्वी, ज्या बाजूला दगड जाणार आहे त्या बाजूला कोणी हट्टाने उभं नाही ना, तेवढं बघून घ्या. असेल, तर सोडू नका.